नर्स रात्री कुठे मुक्कामाला असते?

प्रश्न थोडक्यात असा: आफ्रिकेतल्या एखाद्या ग्रामीण जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू कमी करायचे आहेत, आणि बाहेरचा पैसा थांबल्यावरही काम चालू राहील अशी स्थानिक संस्था उभी करायची आहे. दवाखाना बांधावा, शिबिरे घ्यावीत, औषधे पुरवावीत की माणसे शिकवावीत?

'आफ्रिकेत' म्हणून मोघम उत्तर देण्यात अर्थ नाही. इथिओपियाच्या डोंगरातले केबेले (तिथला सर्वांत छोटा सरकारी विभाग) वेगळे, मलावीतले खेडे वेगळे. म्हणून मुख्य उदाहरण घानाचे घेतो. हाच प्रश्न तिथे गावागावांत करून, मोजून पाहिला गेला आहे.

घानाच्या उत्तर टोकाला, बुर्किना फासोच्या सीमेलगत कासेना-नानकाना हा कोरडवाहू मुलूख आहे. पावसाळा एकच, बाकीचे महिने धूळ. नवरोंगो हे त्यातले मुख्य गाव. तिथले आरोग्य संशोधन केंद्र व्हिटॅमिन 'अ'च्या चाचणीतून उभे राहिले. त्या चाचणीत डोस मिळालेल्या मुलांचे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी भरले. पुढे कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांच्या चाचणीत ही घट १७ टक्के आली. दोन्ही निष्कर्ष उत्तम, पण चाचणी संपल्यावर डोस पाजणार कोण आणि मच्छरदाणी घरापर्यंत नेणार कोण? दोन वर्षे शिकलेल्या, सरकारी पगाराच्या नर्स जिल्ह्यात होत्या. पण त्या केंद्रात बसून रुग्णांची वाट पाहायच्या आणि तापाने फणफणलेले मूल कित्येक किलोमीटर लांब असायचे.

१९९४ मध्ये तीन गावांत लोकांना विचारत-विचारत एक रचना बेतली गेली. १९९६ पासून जिल्ह्याचे चार भाग केले. एका भागात नर्सला मोटारसायकल देऊन गावातच राहायला पाठवले. दुसऱ्यात फक्त गावचे स्वयंसेवक आणि समिती. तिसऱ्यात दोन्ही. चौथ्यात पूर्वीसारखेच. नर्स जिथे राहायला गेली तिथे तीन वर्षांत बालमृत्यूचा दर निम्म्याहून खाली आला. यासाठी लागलेला जादा खर्च माणशी वर्षाला १.९२ डॉलर, तोही मुळातल्या ६.८० डॉलरच्या प्राथमिक आरोग्य खर्चावर. नुसते स्वयंसेवक होते तिथे बालमृत्यू हलले नाहीत. दोन्ही एकत्र होते तिथे जननदर सरासरी एका मुलाने घटला, कारण पुरुषांशी बोलणारे कोणीतरी गावातच होते.

दवाखान्याचा आराखडा, निधी, यंत्रे यांच्या आधी शीर्षकातला प्रश्न विचारावा तो याचसाठी. न्यूमोनिया किंवा मलेरिया झालेले मूल संध्याकाळी सुस्तावते आणि मध्यरात्री झटके देते. त्या वेळी दार ठोठावता येईल असे घर दहा मिनिटांवर आहे का, हे कळले की बाकी पुष्कळ काही कळते. महाराष्ट्रातल्या एखाद्या उपकेंद्राचे कुलूप पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. मलावीतही हीच दुखरी नस आहे. तिथले पगारी आरोग्यसेवक नियमाने आपल्याच हद्दीत राहायला हवेत, पण घर नाही, पाणी नाही, मुलांना शाळा नाही म्हणून अनेक जण बाहेर राहतात, आणि गावातला दवाखाना आठवड्यातले काही दिवसच उघडतो.

स्वयंसेवक एकटे का पुरे पडत नाहीत, याला महाराष्ट्राशी जोडलेली एक साक्ष आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या घरोघरी नवजात बाळाच्या सेवेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आणला. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर घरभेटींची कल्पना जगभर गेली, घानातही. घानाच्या मध्य भागातल्या किंटांपोच्या परिसरात स्वयंसेवकांनी गरोदर बाईच्या आणि बाळंतिणीच्या घरी जाऊन सल्ला द्यायचा, बाळाचे वजन करायचे, धोका दिसला तर दवाखान्यात पाठवायचे, अशी मोठी चाचणी झाली. घट भरली ८ टक्के, आणि तीही योगायोगापेक्षा वेगळी आहे असे ठामपणे म्हणता येईना. 'घरभेट' हा शब्द दोन्हीकडे एकच, पण गडचिरोलीतली आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून घरातच अँटिबायोटिक देत होती, किंटांपोचा स्वयंसेवक 'दवाखान्यात जा' एवढेच सांगत होता. दुसऱ्याचा कार्यक्रम उचलताना त्याच्या पोटातली ही गोष्ट बहुतेक वेळा मागे राहते. उपचार करण्याचा अधिकार, औषध आणि ते शिकवणारा माणूस, हे तिन्ही एकाच घरात यायला हवेत.

घानाने १९९९ मध्ये नवरोंगोची रचना राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला 'चिप्स' म्हणतात. तिच्या पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी जिल्ह्याचे विभाग पाडून लोकसंख्या मोजणे, मग गावात रीतसर प्रवेश, मग नर्सच्या राहण्याची आणि तपासणीची जागा, मग नेमणूक, मग मोटारसायकल आणि साहित्य, शेवटी स्वयंसेवक. एका विभागात साधारण तीन ते पाच हजार लोक.

गावात प्रवेश हा औपचारिकता म्हणून उरकण्याचा भाग नव्हे. उत्तर घानात गावाच्या मोकळ्या सभेला चक्क 'दरबार' म्हणतात. हा शब्द ब्रिटिशांबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेला. ढोल, नाच, मग गावप्रमुखासमोर बोलणे. पण त्याआधी तिंडानाला, म्हणजे जमिनीच्या पुजाऱ्याला, भेटावे लागते, कारण जागा द्यायचा हक्क त्याचा. त्याला वगळून कागदावर घेतलेली जागा पुढे वादात अडकते. जागा गावप्रमुखाच्या वाड्याला चिकटून घेऊ नये. भाऊबंदकी असलेल्या वस्तीतल्या बाया तिकडे फिरकत नाहीत. पाण्याचा हातपंप जवळ असावा आणि एकट्या बाईला रात्री राहायला निर्धास्त वाटावे इतकी वस्ती शेजारी असावी. दरबारात आणखी एक गोष्ट उघडपणे बोलून घ्यायची: आजारी मुलाला घराबाहेर न्यायला कुटुंबप्रमुखाची परवानगी लागते. तो शेतावर किंवा बाजाराला गेलेला असला की आई थांबून राहते आणि त्यात अर्धा दिवस जातो. 'ताप आला तर माझी वाट पाहू नका' हे त्या कुटुंबप्रमुखाने चारचौघांत एकदा म्हटले, की नर्सच्या दहा भाषणांचे काम होते.

आता इमारत. नवरोंगोत पहिली घरे गावाने श्रमदानातून, तिथल्याच मातीची बांधली. धोरण देशभर पसरले तशी सिमेंटची घरे आली, ठेकेदार आले, पायाभरणीचे फोटो आले. कोनशिला बसवण्यात जी मजा आहे ती नर्सच्या नेमणुकीचा कागद काढण्यात नाही, त्यामुळे लिंटेलपर्यंत येऊन थांबलेली बांधकामे घानात जागोजागी दिसतात. निधी देणाऱ्याने एक अट घालावी: गावाने दिलेल्या तात्पुरत्या दोन खोल्यांत नर्स सहा महिने राहून काम सुरू झाले, तरच पक्क्या घराचा पहिला हप्ता.

नर्सच्या हाताशी काय असावे, हे नेमके सांगतो. श्वास मोजायला एक मिनिटाचे टायमर. बाळाचा सदरा वर करून, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. २ ते ११ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनिया धरायचा. पाण्यात विरघळणारी २५० मिलिग्रॅमची अमॉक्सिसिलिन गोळी: लहान गटाला दिवसातून दोनदा एक-एक, मोठ्या गटाला दोनदा दोन-दोन, पाच दिवस. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे तीस सेकंद मोजून दुप्पट करणे. पाच श्वासांची चूक दहाची होते आणि निदान पालटते. दुसरी चूक रडत्या मुलाचे मोजणे.

मलेरियाच्या झटपट तपासणीत रक्त लागते ५ मायक्रोलिटर, एवढ्याशा थेंबाची नळी पूर्ण भरली पाहिजे. द्रावणाचे थेंब किती आणि निकाल १५ मिनिटांनी वाचायचा की २०, हे कंपनीगणिक बदलते. नव्या कंपनीचा खोका आला आणि जुन्या बाटलीतले द्रावण वापरले की तपासणी बाद. अर्ध्या तासाने पाहिलेली फिकट रेघ 'पॉझिटिव्ह' म्हणून नोंदली जाते. पत्र्याखालच्या खोलीत उन्हाळ्यात हे किट खराब होतात, म्हणून खोका भिंतीलगत, जमिनीपासून वर, सर्वांत गार कोपऱ्यात ठेवायचा.

अतिसाराला ओआरएस आणि झिंक: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, असे दहा ते चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळ्या बंद करते, म्हणून पहिली गोळी समोर विरघळवून द्यायची आणि उरलेल्या तिच्याकडून मोजून घ्यायच्या. दंडघेराच्या पट्टीवर ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. झटके, बेशुद्धी, दूध-पाणी न घेणे, सगळे ओकणे, छाती आत ओढली जाणे, यांतले काहीही दिसले तर मूल पुढे पाठवायचे.

आणि पुढे काही नसेल तर? गंभीर मलेरियात गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेटची कॅप्सूल चांगले औषध आहे. तरी काँगो, नायजेरिया आणि युगांडात ती प्रत्यक्ष कार्यक्रमात वाटली गेली तेव्हा मृत्यू घटलेले दिसले नाहीत. मुले रुग्णालयापर्यंत पोहोचत नव्हती, किंवा पोहोचून पूर्ण उपचार मिळत नव्हता. कॅप्सूल हा पुलाचा एक खांब आहे, पलीकडचा काठच नसेल तर त्या खांबाचा काय उपयोग?

औषधांचा अंदाज असा काढतात. विभाग ५००० लोकांचा, त्यात पाच वर्षांखालची मुले साधारण ७५०. न्यूमोनिया दर मुलामागे वर्षाला ०.३ धरला तर २२५ वेळा. निम्मी मुले नर्सकडे येतील असे धरा: ११२. त्यांतली पाव लहान गटातली, म्हणजे २८ गुणिले १० गोळ्या, उरलेली ८४ गुणिले २०. एकूण १९६०. वर एक चतुर्थांश राखीव, म्हणजे सुमारे २४५० गोळ्या. मलेरियाचे गणित मात्र बारा महिन्यांनी भागून चालत नाही, कारण उत्तर घानात जुलै ते नोव्हेंबरमध्येच त्याचा भर असतो. समान मासिक वाटपाने सप्टेंबरात कपाट रिकामे आणि फेब्रुवारीत मुदत संपलेले खोके, हे दृश्य ठरलेले. आणखी एक गळती: लहान मुलांसाठी मोजून आणलेले तपासणी किट मोठी माणसे संपवतात. तापलेल्या शेतकऱ्याला नर्स नाही कसे म्हणणार? म्हणून मोठ्यांची मागणी वेगळी धरून आधीच मागवायची.

लसीकरणात दोन गोष्टी वारंवार बिघडतात. एक, फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक थेट डब्यात घालतात आणि पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, गोठून निकामी होते. पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचा. दोन, गोवराची दहा डोसांची कुपी उघडल्यावर सहा तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून दोनच मुले आली की नर्स 'पुढच्या महिन्यात या' म्हणते. ती परत येतीलच असे नाही. कुपी एका मुलासाठीही उघडायची आणि वाया जाणारे डोस मागणीतच धरायचे.

आता मलेरियाची लसही आली आहे. घाना, केनिया आणि मलावीत २०१९ मध्ये पहिल्या लसीचा पथदर्शी वापर सुरू झाला. दुसरी लस, आर-ट्वेंटीवन, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि तिला पहिली मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये घानानेच दिली. लस पुण्याहून विमानाने येईल, पण चार डोस पूर्ण कोण करणार? पहिले तीन डोस लागोपाठ असतात. चौथा दुसऱ्या वर्षी, जेव्हा मूल चालायला लागलेले असते आणि आई पुन्हा शेतावर. तिथे गळती होते. ती अडवायला नर्सच्या वहीत प्रत्येक मुलाची पुढची तारीख असावी आणि महिन्याच्या शेवटी न आलेल्यांची यादी स्वयंसेवकाच्या हातात पडावी. स्वयंसेवकाचा खरा उपयोग इथे आहे.

स्वयंसेवकाला पगार नाही म्हटले की तो पेरणीच्या दिवसांत गायब होतो, आणि मलेरियाही तेव्हाच येतो. इथिओपियाने २००३ पासून दर केबेलेला, म्हणजे सुमारे ५००० लोकांना, दोन स्थानिक मुली पगारावर नेमल्या: दहावीपर्यंत शिकलेल्या, वर्षभर प्रशिक्षण दिलेल्या. अशा तीस हजारांवर नेमणुका झाल्या. बालमृत्यू दोन तृतीयांशाने घटवण्याचे संयुक्त राष्ट्रांचे सहस्रक उद्दिष्ट त्या देशाने मुदतीआधी गाठले. (श्रेय एकट्या या मुलींचे नव्हे, रस्ते आणि शेतीही त्याच काळात सुधारत होती.) पुढे त्यांच्या हाताखाली बिनपगारी बायांची मोठी फळी उभी केली गेली, तिच्यावर टीका झाली ती रास्तच होती. रोज काही तास ठरलेले काम मागायचे असेल तर त्याचे पैसे द्यायला हवेत.

पर्यवेक्षणाबद्दल थोडक्यात. दर आठ-दहा विभागांमागे एक अनुभवी नर्स, महिन्यातून एक फेरी. तिने हजेरीपत्रकावर सही करून निघायचे नाही. समोर दोन मुले तपासली जाताना पाहायची, एकाचा श्वास स्वतः मोजून ताडायचा, कपाटातली अमॉक्सिसिलिन मोजून वहीशी जुळवायची. ही फेरी बंद पडते ती पेट्रोलच्या पैशाअभावी, म्हणून तो खर्च वेगळ्या ओळीत मांडावा.

मग जिल्हा रुग्णालय. मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात दारात आलेल्या मुलांची तातडीनुसार निवड सुरू केली, बाह्यरुग्ण विभागाची मांडणी बदलली, कर्मचाऱ्यांना तेवढेच शिकवले. दाखल मुलांतले मृत्यू १०–१८ टक्क्यांवरून ६–८ टक्क्यांवर आले. रांगेत शेवटी बसलेले मूलच सर्वांत आजारी असते, हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही.

ऑक्सिजनला यंत्र लागते, आणि इथे देणगीदार हटकून चुकतात. मिनिटाला ५ लिटर देणारे एक कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) प्रवाह विभागून चार-पाच तान्ह्या बाळांना पुरते, कारण नवजाताला अर्धा ते एक लिटर लागतो. हे यंत्र सुमारे ३५० वॉट खाते. व्होल्टेज वरखाली होत असल्याने स्टॅबिलायझर हवा, रात्रीची वीज जात असल्याने बॅटरी किंवा भरलेला सिलिंडर हवा. नोव्हेंबर ते मार्च हरमॅटन वारा सहाराची धूळ आणतो, तेव्हा आठवड्याला धुवायची जाळी दर दोन-तीन दिवसांनी धुवावी लागते. नाही धुतली तर यंत्र घरघरत राहते, बाहेर हवा येत राहते, फक्त त्यातला ऑक्सिजन ८२ टक्क्यांच्या खाली उतरलेला असतो, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. शुद्धता मोजणारे छोटे उपकरण आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर (मुलांच्या मापाचा) त्याच खरेदीत घ्यावा.

काम साधते आहे की नाही, हे कसे कळणार? ५००० लोकांत वर्षाला १६० जन्म, हजारी ६० मृत्युदर धरला तर दहाएक मृत्यू. पुढच्या वर्षी सात झाले तर यश नाही आणि तेरा झाले तर अपयश नाही. एवढा फरक आपोआप पडतो. एक लाख लोकसंख्येचे वीस विभाग एकत्र धरले तर सुमारे २०० मृत्यू होतात, तिथे पन्नासची घट खरी मानता येते. एकेका विभागात मृत्यू नव्हे, काम मोजावे: जन्मल्यापासून दोन दिवसांत किती बाळांचे वजन झाले, किती न्यूमोनियांना पाच दिवसांचे औषध पूर्ण मिळाले, अमॉक्सिसिलिन किती दिवस संपलेले होते.

मृत्यू मोजायचे तर गरोदरपणापासून. पहिल्या आठवड्यात गेलेल्या बाळाबद्दल घरात कोणी बोलत नाही, आणि ते 'मृतजन्म' म्हणूनही खपते. वहीत गरोदर बाईची ओळ उघडली की तिचा शेवट लिहिल्याशिवाय ती बंद होऊ द्यायची नाही. नवरोंगोत वर्षातून अनेक फेऱ्यांनी प्रत्येक घराची अशी नोंद होते, आणि गावातले माहीतगार लोक मधल्या काळातले जन्म-मृत्यू कळवतात. त्या नोंदीच्या जोरावरच नवरोंगोचे निष्कर्ष कोणी उडवून लावू शकले नाही. हे केंद्र कोणा परदेशी विद्यापीठाची शाखा नाही. घानाच्या आरोग्य सेवेची अशी तीन केंद्रे आहेत: उत्तरेच्या गवताळ पट्ट्यात नवरोंगो, मध्य भागात किंटांपो, किनारपट्टीकडे दोदोवा. फ्रेड बिंका यांनी नवरोंगो उभे केले आणि १९९८ मध्ये अशा केंद्रांचे 'इन्डेप्थ' हे जाळेही.

शेवटी पैसा. नव्या नर्सचे नाव सरकारी पगारपत्रकावर चढायला महिनोन् महिने लागतात, त्या काळात ती गाव सोडून जाते. बाहेरच्या निधीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे हा मधला काळ उचलणे. कायमचा पगार देणे हा सर्वांत वाईट. घानात १८ वर्षांखालच्यांना आरोग्य विम्याचा हप्ता नाही, पण विम्याकडून दवाखान्याला पैसे उशिरा मिळतात आणि उधारी थकली की औषधे थांबतात. तिथेही तीनेक महिन्यांचे फिरते भांडवल लागते. याच भागात २०१० नंतर एका प्रकल्पाने जिल्हा अधिकाऱ्यांच्या हाती थोडा मोकळा निधी दिला, आणि वर्षानुवर्षे रखडलेला 'चिप्स'चा विस्तार वेगाने पुढे गेला.

म्हणून पहिला धनादेश लिहिण्याआधी जिल्हा आरोग्य संचालकांकडून तीन कागद हातात घ्यावेत: नर्सच्या नावानिशी नेमणुकीचा आदेश, पुढच्या वर्षीच्या जिल्हा अंदाजपत्रकातली पेट्रोल-दुरुस्तीची ओळ, आणि प्रादेशिक औषध भांडारात या विभागाच्या नावाने उघडलेला खातेक्रमांक. तिसरा कागद यायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यामुळे अर्ज त्याचा आधी करावा.